थोरल्यानं वाटे पाडायचे

आमच्या घरात पूर्ण शांतता मी कधी ऐकली नाही. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून पाऊल टाकलं की विहिरीचं रान सुरू व्हायचं, आणि त्या रानाच्या पलीकडे, बांधाला अगदी खेटून, पत्रा दाबायचं एक वर्कशॉप उभं राहिलं होतं. तिथलं प्रेस मशीन दिवसभर धप्प धप्प करत असे आणि प्रत्येक दणक्याला आमच्या मांडणीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणत. पाहुणे आले की दचकायचे. आम्ही उलट ते थांबलं की दचकायचो, आई लगेच म्हणायची, "लाईट गेली वाटतं." शिवाय चाकणकडच्या कंपन्यांच्या बसचे हॉर्न, रस्त्याला मागे सरकणाऱ्या कंटेनरची टूं टूं, आणि या सगळ्यात पाण्याची दारं धरताना, म्हणजे फावड्याने पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवताना, दादांचं चाललेलं बोलणं. कुणाशी? पाण्याशीच. "चल की बाबा, कुठं मुरत बसलास," असं ते पाटातल्या पाण्याला म्हणायचे, आणि पाणी ऐकायचं अशी माझी लहानपणी खात्री होती.

दादा म्हणजे माझे वडील. त्यांचा धाकटा भाऊ त्यांना दादा म्हणायचा, ते ऐकून मीही दादाच म्हणायला लागले. हा धाकटा भाऊ म्हणजे संपत, आमचे आप्पा. आप्पा चाकणच्या एका कंपनीत असेंब्ली लाईनवर परमनंट होते. शिफ्ट संपवून आले की मोरीवर बसून हाताचं ग्रीस साबणाने घासत राहायचे आणि तिथूनच मला हाक मारायचे, "काय गं सारिका, आज किती प्रमेयं निघाली? आमच्या लाईनीला टार्गेट असतंय बाई, तुमच्या कॉलेजला हाय का न्हाई?" मी फणकारले की त्यांना फार आनंद व्हायचा. आई आणि काकी एकाच गॅसवर सगळ्यांचं करायच्या. भाकऱ्या आईच्या, कालवण काकीचं, ही त्यांची अलिखित वाटणी. काकीची कुळथाची शेंगोळी लसणाच्या फोडणीसकट खदखदायला लागली, की आप्पांची लहान पोरं ताटं घेऊन आधीच रांगेत बसायची.

या घरात मीच एक थाऱ्यावर नसलेली. माझ्या पायाला भिंगरी होती असं आई म्हणायची, पण फिरायला जायची ऐपत नसलेल्या मुलीच्या पायाला भिंगरी असली तर ती डोक्यात फिरते. चिंचवडच्या कॉलेजात मी गणित घेऊन बी.एस्सी. करत होते. इंजिनिअरिंग नाही, डिप्लोमा नाही, नुसतं गणित. आमच्या पट्ट्यात हे सांगितल्यावर समोरचा माणूस थोडा वेळ वाट बघायचा, पुढे आणखी काहीतरी येईल म्हणून. मोशी, भोसरी करत बस जायची. खिडकीतून गाळेच गाळे, लेथचा करकराट, ऑइलचा वास, आणि मांडीवर पुस्तक. बसमध्ये मला कॉलेज नको वाटायचं आणि कॉलेजात पोहोचले की घर आठवायचं. कुठेही असले तरी दुसरीकडे काहीतरी चाललंय आणि ते माझ्याशिवाय चाललंय, ही हुरहुर. या वयात ती कमी झाली आहे म्हणावं तर तसंही नाही. फक्त आता तिची सवय झाली आहे.

आम्हाला ठोंबरे सर शिकवायचे. ते बीडकडचे. भोसरीत एका खोलीत भाड्याने राहत होते आणि शर्टाच्या खिशात खडू ठेवायचे, त्यामुळे खिसा कायम पांढरा. एके दिवशी वर्गात येऊन त्यांनी फळ्यावर एक रेघ ओढली. म्हणाले, "हिचे तीन सारखे भाग करा. मधला पुसून टाका. आता उरल्या दोन रेघा. त्या दोघींचंही तेच करायचं. मग चौघींचं. कुठपर्यंत करायचं?"

कुणीतरी म्हणालं, "कंटाळा येईपर्यंत."

"तुला कंटाळा येईल रे. गणिताला येत न्हाई," सर म्हणाले. "थांबायचंच न्हाई."

ते ओळीखाली ओळ काढत गेले. रेघांचे तुकडे, तुकड्यांचे कण, कणांचे ठिपके, शेवटी फळ्यावर नुसती धूळ. मी विचारलं, "सर, शेवटी काय उरतं?" ते म्हणाले, "लांबी विचारशील तर शून्य. सगळी लांबी आपण पुसून टाकलेली आहे. आणि ठिपके विचारशील तर सुरुवातीच्या अख्ख्या रेघेत होते तेवढेच." मला रागच आला. ही काय थट्टा लावली आहे, असं मनात आलं. सरांनी बेरीज मांडून दाखवली, मग दुसरं पटवून दाखवलं, आणि दोन्ही पटल्यावर माझा राग आणखी वाढला. मग त्यांनी सांगितलं की अशा आकृत्यांना फ्रॅक्टल म्हणतात: कितीही जवळून बघा, बारीक तुकड्यात पुन्हा तीच आकृती दिसते. बारकाव्याला तळ नाही. मी आता स्वतः हे शिकवते. माझ्या विद्यार्थिनी फोनवर बोटांनी चित्र मोठं करत करत आत शिरतात आणि "किती सुंदर!" म्हणतात. मला त्या दिवशी ते सुंदर वगैरे वाटलं नव्हतं. मला गरगरलं होतं. कुठेतरी थांबेल अशी आशाच नाही, म्हणजे काय?

सरांनी विचारलं, असं कुठे पाहिलंय का. एका मुलाला फ्लॉवरचा गड्डा आठवला, एकीला झाडाच्या फांद्या. मला आमच्या गावचा नकाशा आठवला. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावलेला असे आणि लहानपणी मला तो फाटक्या गोधडीच्या दोऱ्यांसारखा दिसायचा. आमच्याकडे वाटणीची रीतच तशी. भाऊ वेगळे झाले की एकाने हे शेत, दुसऱ्याने ते, असं कधी करायचं नाही. कुणावर अन्याय नको म्हणून प्रत्येक शेतातून प्रत्येकाला पट्टी. काळी सगळ्यांना थोडी, माळ सगळ्यांना थोडा, विहिरीचं तोंड सगळ्यांना थोडं. पुढच्या पिढीत त्या पट्टीच्या पुन्हा पट्ट्या, त्याच रीतीने, त्याच न्यायाने. लांबी तेवढीच राहते आणि रुंदी निम्मी होत जाते. जवळून बघा, लांबून बघा, चित्र एकच. कोणीही कोणावर अन्याय केलेला नाही आणि नांगर फिरवायला जागा नाही. त्या दिवशी बसमध्ये मी भोसरी कधी गेली ते पाहिलंच नाही.

आता योगायोग म्हणा. त्याच आठवड्यात जेवताना आप्पा म्हणाले, "दादा, आता वाटणी करून घ्यावी म्हनतो."

भांडण नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण वाटणी म्हटलं की लोक लगेच बायकांकडे बघतात. काकीचं काही म्हणणं नव्हतं. पोरं वाढत होती, घर पुरत नव्हतं, आप्पांना रस्त्याकडच्या माळावर घर बांधायचं होतं, हे ते कितीदा तरी बोलले होते. नकाशाही त्यांनी कंपनीतल्या कुणाकडून तरी काढून आणला होता, पुढे गाळा, मागे खोल्या. दादा शेंगोळीचा घास घेऊन तसेच थांबले. मग म्हणाले, "घेऊ की. कवातरी करायचीच हाय."

आमच्याकडे उरलेले तुकडे दोनच होते. एक रस्त्याकडचा मुरमाड माळ, ज्यावर गवतही धड येत नसे, पण रस्ता लागून असल्यामुळे ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा. आणि दुसरं विहिरीचं रान. हे रान म्हणजे आधीच्या वाटण्यांतून उरलेली एक लांबट पट्टी. वरच्या टोकाला विहीर, खालच्या टोकाला ओढा. ट्रॅक्टर आत गेला की जेमतेम वळायचा. रीतीप्रमाणे तिचे उभे दोन भाग होणार, म्हणजे दोघांच्याही पट्टीला विहीर लागेल. मग ट्रॅक्टर वळणार नाही. मग बैल, आणि बैल आता कोण ठेवतो? दोन वर्षं पडीक, आणि मग पलीकडचा प्रेसवाला बांध ओलांडून अलीकडे. हे माझ्याइतकंच दादांना कळत होतं. त्यांना दुसरं काही येत नव्हतं, ते तसं स्वतःच म्हणायचे, "मला रानाबिगर काय येतंय?" ते रान गेलं की दादांचं काय करायचं, हा प्रश्न आमच्या घरात कुणी उच्चारत नव्हतं, पण आईने त्या दिवशी भाकरी करपवली.

वाटणीची दुसरी रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं त्यातला एक आधी उचलायचा. म्हणजे थोरल्याला कमीजास्त करायची सोय राहत नाही. वाईट वाटा पाडला तर तो त्याच्याच पदरात पडतो. दादांनी हात धुतले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वाटे सारिका पाडंल. गणिताची हाय ती. माझ्यापरीस बरोबर पाडंल."

आप्पा हसले. "बघू बघू, पोरीचं गणित एकदा तरी कामाला आलं."

दादांच्या आवाजात अभिमान होता. मला कॉलेजला घातलं म्हणून त्यांनी गावाचं बरंच ऐकून घेतलं होतं, आणि आता त्यांना ते दाखवून द्यायचं होतं. मी हो म्हणाले. हो म्हणताना छाती फुगली होती हेही सांगायला हवं. आलेखाचे कागद आणले. रान पावलांनी मोजलं, माती कुठे काळी, कुठे चिकण, पाणी कुठे आधी पोहोचतं, सावली कुठे पडते, सगळं रंगवलं. पहिली आकृती काढली ती सरळ उभी रेघ. पण एका बाजूला चिकण जास्त येत होती. म्हणून आडव्या रेघा. मग विहिरीपासूनचं अंतर सारखं होईना, म्हणून आणखी रेघा. प्रत्येक आकृती आधीच्यापेक्षा जास्त न्याय्य आणि जास्त बारीक. एका संध्याकाळी मी कागद लांब धरला आणि मला ठोंबरे सरांचा फळा दिसला. तीच धूळ. मी कागद चुरगाळला, पुन्हा सरळ केला, पुन्हा काढायला बसले. जेवण जाईना. काकी म्हणाली, "अगं जेव की, रान काय पळून चाललंय का?" मला वाटलं, तेच तर चाललंय.

कॉलेजात वेगळाच घोळ. एम.एस्सी.ला जायचं तर कोणता विषय घ्यायचा, हे सर विचारत होते आणि मला सांगता येत नव्हतं. बीजगणित आवडायचं, ते वाचायला लागले की भूमिती खुणावायची. संभाव्यता चांगली चालली असताना टोपोलॉजीचं पुस्तक मागून आणायची आणि अर्धवट ठेवायची. सरांनी एकदा मला फळ्यापाशी उभं केलं आणि चौकोन काढले. "हे बीजगणिताचं शेत. ही भूमिती. हे विश्लेषण. हा संख्यासिद्धान्त. मधी हे बांध. बांध कशासाठी असतात, सांग बरं?"

"कुणाचं काय ते कळायला."

"हं. विद्यापीठाला कळायला. खालून पाणी सगळीकडं एकच असतंय. आता मला सांग, फ्रॅक्टल कुणाच्या शेतात?"

मी म्हणाले भूमिती. मग वाटलं, बेरीज तर विश्लेषणाची होती. ठिपके मोजले ते संचांच्या शास्त्राने. आणि सरांनी नंतर नाणं उडवून तीच आकृती काढून दाखवली होती, म्हणजे संभाव्यताही आलीच. "बांधावर," मी शेवटी म्हणाले.

"मग तूही बांधावरच उभी आहेस की. त्यात एवढं कासावीस कशाला व्हायलीस?"

त्या एका वाक्याने मला रडू फुटलं, आणि रडण्याचं कारण विषय निवडणं नाही हे सरांच्या लक्षात आलं. मी रानाचं सांगितलं, वाटे पाडायचं सांगितलं. सरांनी वाटणीवर काही मत दिलं नाही. एवढंच म्हणाले, "तुमची रीत म्हणजे एक प्रमेयच हाय बघ. पण प्रमेय लावायच्या आधी आपण काय तपासतो?"

"अट."

"तपास मग." आणि ते खडू खिशात टाकून दुसऱ्या वर्गावर निघून गेले.

परतीच्या बसमध्ये मी उभीच होते, बसायला जागा असून. एक कापतो, दुसरा आधी निवडतो; यात दोघांनाही आपला वाटा पुरेसा वाटतो, हे खरं. पण कधी? कापणाऱ्याला दोन्ही तुकडे सारखे वाटत असतील तेव्हाच. कोणताही हाती आला तरी मी तो सुखाने सांभाळीन, असं त्याला स्वतःला वाटलं पाहिजे. सारखं म्हणजे फूटपट्टीचं सारखं नव्हे, कापणाऱ्याच्या मनातलं सारखं. दादांनी हात माझा घेतला होता, मन त्यांचंच राहिलं होतं. आणि मला स्वतःला विचारलं असतं तर? मला माळ नको होता, रानही नको होतं. मला बाहेर पडायचं होतं. ज्याला दोन्हींतलं काहीच नको, त्याला दोन्ही सारखेच. अशा माणसाने कापूच नये. मोशीचा चढ येईपर्यंत माझं ठरलं होतं, पण ते घरी सांगायचा धीर झाला नाही. रोज वाटायचं, आज सांगू. रोज दादा विचारायचे, "झालं का गं तुझं?" आणि मी म्हणायची, "होतंय."

वाटणी गुरुवारी ठरली होती. आमच्या भागात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, म्हणून आप्पा घरी, आणि म्हणूनच प्रेसही बंद. सकाळपासून पेले गप्प होते आणि त्या शांततेने सगळेच बावचळल्यासारखे वागत होते. आई आणि काकी मिळून मासवड्या करत होत्या. बेसन घोटायचं, फडक्यावर थापायचं, खोबरं-तिळाचं सारण भरून गुंडाळी करायची, मग दोऱ्याने वड्या कापायच्या. वाटणीच्या दिवशी गोड करत नाहीत, पण साधंही करवत नाही. मासवडी त्यातल्या त्यात मधली. दोघी एकमेकींशी जरुरीपेक्षा जास्त गोड बोलत होत्या.

पंच म्हणून भिकातात्या आले. आमच्या भावकीतले सगळ्यात वडीलधारे, कानाला थोडे कमी, पण मोजमापात पक्के. आम्ही विहिरीपाशी जमलो. दादांनी चुन्याच्या फक्कीची बादली माझ्या हातात दिली. "चल सारिका. मार रेघ."

मी बादली खाली ठेवली. "दादा, मी नाही पाडणार वाटे."

"का गं? चुकतंय का काय?"

"चुकत नाही. पण हे मी करून चालत नाही. रीत थोरल्यानं करायची आहे, ती त्याला दोन्ही वाटे सारखे वाटावेत म्हणून. मला काय सारखं वाटतं याला काय अर्थ आहे? तुम्हाला काय सारखं वाटतं ते मला मोजता येत नाही. ते तुम्हीच पाडा."

भिकातात्यांनी कानाला हात लावला. "काय म्हनती पोरगी?"

"न्हाई म्हनती," आप्पांनी मोठ्याने सांगितलं.

दादांचा चेहरा उतरला, मग तापला. इतक्या लोकांत त्यांनी मला पुढे केलं होतं. "मंग शिकून उपेग काय तुजा?" ते म्हणाले. "बसनं नुसती येरझाऱ्या घालायलीस व्हय इतकी वर्सं?"

ते शब्द मला लागले. अजूनही लागतात. मला ओरडून सांगावंसं वाटलं की हाच उपयोग आहे, मी इतकी वर्षं शिकून हेच शिकले आहे की कुठे हात घालू नये. पण मी नुसती मान हलवत राहिले. आई मागच्या दारात, हाताला बेसन तसंच, उभी होती.

दादांनी बादली उचलली. विहिरीच्या टोकाला उभे राहून खाली ओढ्यापर्यंत बघत राहिले. सगळ्यांना वाटलं, आता ते चालायला लागतील आणि मागे पांढरी रेघ उमटत जाईल. ते चालले नाहीत. त्यांनी एकदा आप्पांकडे पाहिलं, एकदा लांब रस्त्याकडे. मग बादली पुन्हा खाली ठेवली.

"रेघ न्हाई मारत," ते म्हणाले. "रान हा एक वाटा. माळ हा एक वाटा. अख्खेच्या अख्खे."

"अरं, पर आजवर असं झालं न्हाई," भिकातात्या म्हणाले. "परत्येकाला परत्येकातलं, अशी रीत हाय आपली."

"म्हनूनच तर तात्या, ट्रॅक्टर वळंना."

माझा श्वास मोकळा झाला. रान वाचलं होतं, आणि दादांचंच राहणार होतं, कारण आप्पा माळ घेणार हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. घराचा नकाशा तयार होता. दादांनाही ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी रस्त्याकडे पाहिलं होतं. अट त्यांनीही पाळली नव्हती, हे मला त्या क्षणी उमगलं नाही. त्यांनी दोन्ही वाटे सारखे मानून पाडले नव्हते. समोरचा काय उचलेल यावर त्यांनी भरवसा टाकला होता. आज कुणी विचारलं तर मी सांगेन की आपल्या माणसांत हीच चूक सगळ्यात जास्त होते. इतक्या वर्षांच्या सोबतीने आपल्याला वाटतं की दुसऱ्याच्या मनातलं सगळं आपल्याला माहीत आहे.

"उचल रं संपत," भिकातात्या म्हणाले.

आप्पा हसत पुढे आले. म्हणजे चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू होतं, पण ओठांच्या पुढे ते जात नव्हतं. त्यांनी चप्पल काढली, आणि ते अनवाणी ओल्या वाफ्यात उतरले. बराच वेळ पायाखाली बघत राहिले.

"रान," ते म्हणाले.

काकीने, जी आईच्या मागे येऊन उभी राहिली होती, तोंडाला पदर लावला. तिलाही माहीत नव्हतं, हे उघड दिसत होतं.

"अरं, आन तुजं घर?" दादांचा आवाज निघता निघता निघाला.

"घर कुठंबी हुईल, दादा. भाड्यानं ऱ्हाऊ." आप्पा वर बघत नव्हते. "तुमाला वाटतंय म्या कंपनीचा मानूस. आठ तास त्या लाईनीवर उभा ऱ्हातो, तवा डोळ्याम्होरं काय असतंय ठावं हाय? हेच. ह्योच वाफा. लहानपनापासनं या रानात म्या कदी एकला उभा ऱ्हायलो न्हाई. कायम तुमच्या मागं. तुमी दारं धरायची, म्या फावडं द्यायचं. एकदा मला धरायची हायती. मागायची कशी, ते कळत नव्हतं. आज तुमी दोन अख्खे वाटे पाडले, आन् मला उचलायला लावलं."

मी दादांकडे बघू शकत नव्हते. ट्रॅक्टर वळणार होता. पीक येणार होतं. प्रेसवाला बांध ओलांडणार नव्हता. मला हवं होतं ते सगळं झालं होतं आणि माझे वडील उभे राहिले होते तिथे त्यांच्या पायाखाली त्यांचं काही उरलं नव्हतं. मी त्या वेळी पुढे होऊन काहीतरी म्हणणार होते, रीत बदला, पुन्हा पाडा, रेघ मारा, मी मारते. पण आईने मागून माझं मनगट धरलं. बेसनाचा हात ओला आणि घट्ट होता.

"थोरल्या, कबूल हाय का?" भिकातात्यांनी विचारलं.

"कबूल," दादा म्हणाले. आणि मग, जणू काही राहून गेलेलं काम आठवावं तसे, "संपत, हिकडं ये."

त्यांनी आप्पांना मोटारीच्या खोपीपाशी नेलं. आम्ही होतो तिथून सगळं ऐकू येत होतं, कारण प्रेस बंद होतं. "आदी पंपात पानी भरायचं, न्हाईतर हवा वढतंय. हे बटन दाबलं की लगीच सोडायचं न्हाई. आवाज बदलला की सोडायचं. कसा बदलतो ते ऐक." मोटार घरघरली. पाइपातून आधी गढूळ थुंकी आली, मग पाणी दगडी थारोळ्यात पडायला लागलं. "वरच्या वाफ्याला घाई करू नगं. माती पिते हिथं. पानी शेवटाला जायाला येळ लागतो, तवर हिथं बसून ऱ्हायचं." त्यांनी थारोळ्याची कड दाखवली, जिथे इतकी वर्षं ते स्वतः बसत आले होते. "बस."

आप्पा बसले. शाळेत बसवलेल्या पोरासारखे, हात गुडघ्यांवर. दादा त्यांच्या शेजारी उभे राहिले. बसायला जागा होती, पण ते बसले नाहीत. पाटातून पाणी पुढे सरकत होतं आणि दोघेही त्याच्याकडे बघत होते. दादा पाण्याला काहीच म्हणाले नाहीत.

मग त्यांनी खाली वाकून, कुणाच्या दारात उभं राहून विचारावं तसं, हळूच विचारलं, "म्या येऊ का कवातरी?"

आप्पा थारोळ्यावरून उठायला लागले, तेव्हा दादांनी खांद्याला धरून त्यांना पुन्हा खाली बसवलं.